दोन तासांत घरी: पण घड्याळ कधी सुरू होतं?

पाणकणीस (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला होता, की इंग्लंडात म्हातारं माणूस घरात पडलं तर दोन तासांत सरकारी टीम दारात हजर होते. लगेच दोन तट पडले. एक म्हणे स्वर्ग आहे, दुसरा म्हणे माझी मावशी बर्मिंगहॅमला सहा तास फरशीवर पडून होती. दोघंही खरं सांगत असणार. मी उत्तर इंग्लंडमध्ये अशाच एका टीममध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा या दोन तासांचा हिशोब एकदा मांडते. मग मला तुमच्याकडून काही हवंय, ते शेवटी.

सेवेचं नाव अर्जंट कम्युनिटी रिस्पॉन्स. कामावर सगळे नुसतं यूसीआर म्हणतात. जानेवारी २०१९ मध्ये एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दीर्घ मुदतीचा आराखडा जाहीर झाला, त्यात हे वचन होतं. २०२० मध्ये सात ठिकाणी सुरुवात झाली आणि २०२२ च्या वसंतापर्यंत ती इंग्लंडभर पोचली. आठवड्याचे सातही दिवस, निदान सकाळी ८ ते रात्री ८. लक्ष्य असं ठेवलं, की शंभरातल्या सत्तर जणांपर्यंत तरी दोन तासांत पोचायचं. देशाची सरासरी त्याच्या बरीच वर, ऐंशीच्या आसपास असते. (स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे, त्याबद्दल मी बोलत नाही.)

कुणासाठी? नऊ कारणं ठरलेली आहेत. मोठी इजा न होता पडणं, आधीच थकलेल्या माणसाची तब्येत अचानक ढासळणं, चालणं-फिरणं एकाएकी कमी होणं, अखेरच्या दिवसांतला त्रास, भ्रम, म्हणजे कालपर्यंत ठीक असलेले आजोबा आज मुलाला ओळखेनासे होणं, कॅथेटर (लघवीची नळी) तुंबणं, साखर वरखाली होणं, कमोड-वॉकरसारखं साधन तातडीने लागणं. नववं कारण मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: सांभाळणारं माणूसच आडवं पडणं. बायको नवऱ्याला सांभाळतेय आणि तिलाच ताप भरला, तर नवऱ्याला नवीन काही झालेलं नसतानाही ती तातडी धरली जाते.

छातीत दुखणं, लकव्याची लक्षणं, डोक्याला मार, खुब्याचं हाड मोडल्याचा संशय, यासाठी आम्ही नाही. तिथे ९९९, म्हणजे इथला ॲम्ब्युलन्सचा तातडीचा नंबर.

आता घड्याळ. रेफरल, म्हणजे अमक्या पेशंटकडे जा अशी विनंती, आमच्याकडे पोचलं की ते सुरू होतं आणि आमच्यातलं कुणी प्रत्यक्ष पेशंटसमोर उभं राहिलं की थांबतं. नुसतं फोनवर बोलून थांबत नाही, हे चांगलं आहे. गोम आहे ती सुरुवातीत. समजा आजी सकाळी सहाला बाथरूममध्ये पडल्या. आठला कामाची बाई आली, तिने १११ ला (एनएचएसची सल्ल्याची फोनसेवा) फोन केला, तिथे प्रश्नोत्तरं झाली, उलटा फोन येईल असं सांगितलं. तो दहाला आला. साडेदहाला रेफरल आमच्या स्क्रीनवर दिसलं आणि आम्ही सव्वाबाराला पोचलो. आमच्या तक्त्यात नोंद झाली एक तास पंचेचाळीस मिनिटं, रंग हिरवा. आजींच्या हिशोबाने सव्वासहा तास. मावशीचे सहा तास आणि तक्त्यातला हिरवा रंग एकाच वेळी खरे असू शकतात ते असे.

शिवाय आमची माणसं कमी आहेत म्हणून जे रेफरल आम्ही घेतच नाही, त्यांचं घड्याळ सुरूच होत नाही.

हे लिहितेय म्हणून सेवा वाईट असं कुणी समजू नका. पोचल्यावर जे होतं ते भारी असतं. आधी नाडी, श्वास, ऑक्सिजन, बीपी, ताप आणि शुद्ध यांचे गुण मांडून बेरीज. मग जमिनीवरून उठवणं, बहुतेकदा हवेने फुगणाऱ्या उशीवर बसवून, काखेत हात घालून ओढून नव्हे. मग पडल्या का, याचा शोध. आडवं आणि उभं असं दोनदा बीपी घेतलं की निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं: बीपीच्या गोळ्या जास्त झाल्यात, उठलं की डोळ्यापुढे अंधारी. टीममध्ये औषध लिहायचा अधिकार असलेली नर्स असते, ती डॉक्टरांशी बोलून गोळी कमी करते. मी वॉकरची उंची लावते, पलंगाशेजारी कमोड ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. आजी घरीच राहतात. हॉस्पिटलात गेल्या असत्या तर आठ-दहा दिवस खाटेवर काढून पायातलं बळ घालवून आल्या असत्या.

आता तुमची पाळी. तुमच्याकडे हॉस्पिटलात न्यायची गरज नाही, पण जाणतं माणूस घरी यायला हवं, अशी वेळ आली तर कोण येतं? किती वेळात? आणि तो वेळ कुणी कुठे लिहून ठेवतं का?

---

बंड्या_कोथरूड

ताई, लेख छान, पण दुसरी बाजूही येऊ द्या. डिसेंबर २०२२ मध्ये तिकडे हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक ज्या गटात येतात त्यांना ॲम्ब्युलन्स यायला सरासरी दीड तासाच्या वर लागत होते. लक्ष्य होतं १८ मिनिटांचं. हा आकडा त्यांच्याच सरकारचा. आमच्या १०८ ला शहरात २० मिनिटं आणि ग्रामीण भागात ३० असं बंधन आहे. मग कोणी कोणाकडून शिकायचं?

---

पाणकणीस

बंड्या, आकडा बरोबर आहे आणि तो हिवाळा आम्ही कुणी विसरणार नाही. पण पडलेल्या, शुद्धीवर असलेल्या आजी त्या १८ मिनिटांच्या गटात नसतातच. त्या तिसऱ्या गटात, जिथे दहातल्या नऊ जणांपर्यंत दोन तासांत पोचायचं असतं, आणि गर्दीच्या दिवसांत तेच पेशंट सगळ्यात मागे ढकलले जातात. म्हणूनच ९९९ वर आलेले असले फोन आता आमच्याकडे वळवतात. ॲम्ब्युलन्स कमी पडली, हे यूसीआर उभी राहण्यामागचं मोठं कारण आहे. त्यात कौतुकापेक्षा नाइलाज जास्त आहे, हे मान्य.

पण तुम्ही मोजताय ती न्यायला येणारी गाडी. माझा प्रश्न न नेण्याबद्दल आहे.

---

सई_औंध

न नेण्याबद्दलच सांगते. सासऱ्यांना प्रोस्टेटमुळे लघवीची कायमची नळी आहे. एका रात्री दीडच्या सुमारास पिशवीत काही येईना, ओटीपोट टम्म, बाबा कळवळतायत. फॅमिली डॉक्टर सत्तरीच्या पुढचे, रात्री फोन बंद ठेवतात, आणि त्यांना दोष द्यायचा नाहीये. जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन केला तर "घेऊन या, कॅज्युअल्टीत बदलून देतील". घरपोच नर्सिंग देणाऱ्या एका कंपनीच्या वेबसाइटवर "९० मिनिटांत ब्रदर घरी" असं ठळक लिहिलेलं. पैसे भरले. अर्ध्या तासाने विचारलं तर म्हणाले, ब्रदर असाइन झाल्यावर ९० मिनिटं मोजायची, अजून असाइन झालेला नाही. पाणकणीसताई, तुमचं घड्याळ इकडेही तसंच चालतं बघा!

शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुलाला उठवून बाबांना गाडीत घातलं. कॅज्युअल्टीत नळी बदलायला दहा मिनिटं लागली. जायला, थांबायला, बिलाला आणि परत यायला पहाट झाली. त्या दहा मिनिटांच्या कामासाठी ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला जिन्याने उतरवायचं आणि चढवायचं.

---

ठाकुर्लीचा काका

सईताई, तुमच्या बाबांचं वय आणि माझं वय जवळजवळ एकच, त्यामुळे वाचताना पोटात कळ आली. :)

आमच्या लहानपणी डॉक्टर व्हिजिटला यायचे. चामड्याची बॅग, सोबत कंपाउंडर, आणि आईची पाणी उकळायला धावपळ. आता बिल्डिंगीत तीन एमडी राहतात पण कुणी रात्री दार उघडणार नाही. असं का झालं, ते कुणा डॉक्टरने सांगावं.

---

खाजण

काका, मी डॉक्टर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस. सांगतो, पण रुचेल असं नाही.

व्हिजिटला गेलो तर माझ्याकडे काय असतं? स्टेथो, बीपी मशीन, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, चार इंजेक्शनं. हल्ली पोर्टेबल ईसीजी ठेवतो. रात्री दोनला "पित्त झालंय, एक इंजेक्शन मारा" असा फोन येतो आणि ते पित्त नसून हार्ट असू शकतं. इंजेक्शन दिलं आणि पेशंट गेला तर इंजेक्शनने गेला. दिलं नाही आणि गेला तर डॉक्टरने काही केलं नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री वाडीत एकटा गेलेल्या माणसाला तो कलमं वाचून दाखवता येत नाही.

दुसरं, पैसे. दवाखान्यात तासाभरात आठ-दहा पेशंट बघतो. वाडीवरच्या एका व्हिजिटला तेवढाच वेळ जातो, आणि फी सांगायला जीभ रेटत नाही. तुमच्या इंग्लंडात त्या नर्सला पगार असतो, ती एका पेशंटपाशी दीड तास बसू शकते. खरा फरक तिथे आहे, घड्याळात नाही.

तिसरं, ज्यावर कुणी बोलत नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला शेवटच्या आजारात बघणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. संस्थेबाहेरच्या मृत्यूसाठी फॉर्म ४-अ असतो. ज्याला मी सहा महिने पाहिलेलं नाही त्याच्या दाखल्यासाठी पहाटे चारला फोन येतो. नाही म्हटलं की गावात नाव खराब. त्यामुळे नवीन पोरं व्हिजिटच्या भानगडीतच पडत नाहीत.

तरी मी जातो. नेहमीचे म्हातारे पेशंट आहेत त्यांच्याकडे. पण त्यांच्या घरच्यांना एक शिस्त लावलीय: फोन दिवसा करायचा. रात्री दीडला बिघडलेल्या दहांतले सात जण संध्याकाळी सहापासून बिघडत असतात. "उगाच डॉक्टरांना कशाला त्रास" म्हणून थांबतात.

---

सई_औंध

डॉक्टर, हे शेवटचं अगदी खरं. बाबांची पिशवी संध्याकाळपासूनच कमी भरत होती. आम्हाला वाटलं पाणी कमी प्यायले.

---

लाल_दिवा

मी १०८ वर डॉक्टर म्हणून काम केलंय, तेव्हा थोडं त्यावर. २०१४ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या: २३३ ॲडव्हान्स, ७०४ बेसिक. आपल्याकडे प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे सगळ्या राज्यांत नाही. पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षित टेक्निशियन असतो. म्हणजे विचार करा, महाराष्ट्रात फोन केल्यावर डॉक्टर घराच्या दारापर्यंत येतोच. पण गाडीचं काम पेशंट हलवणं. घरात बसून नळी बदलून देणं, गोळ्या बघणं, आजोबांना चालवून बघणं हे त्या कामात धरलेलंच नाही. आणि धरावं असंही मी म्हणणार नाही, कारण मी एका घरात दीड तास बसलो तर हायवेवरच्या अपघाताला गाडी कुठून येणार?

आणखी एक. गाडी सोसायटीच्या गेटवर पोचली की वेळेच्या हिशोबात आम्ही पोचलो. तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंतचा वेळ कुठे जात नाही. लिफ्ट नाही, जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, मग प्लास्टिकची खुर्ची नाहीतर चादरीची झोळी. मुंबईत २०१७ पासून बाइक ॲम्ब्युलन्स आल्या त्या याच त्रासातून. गल्लीत आणि ट्रॅफिकमध्ये डॉक्टर लवकर पोचतो. पण जिना तिलाही चढता येत नाही.

---

मोहफूल

मी गडचिरोलीकडची. इथे वीस मिनिटं-तीस मिनिटं हे कागदावरच छान दिसतं बावा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी अलीकडे आणि पेशंट पलीकडे. बाजेवर टाकून चार जण नाला पार करतात, मग गाडी. मग "रिस्पॉन्स टाइम" कोणता धरायचा?

पण ह्याच जिल्ह्यातली एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात नवजात बाळांसाठी जे केलं ते. बाळ आजारी पडलं की आई-बाप दवाखान्यात नेतच नव्हते, नेलं तर उशीर झालेला असायचा. गाडी कितीही लवकर आणा, बाळ तोवर जायचं. तेव्हा त्यांनी वेळ कमी करायचा नाद सोडला आणि अंतरच काढून टाकलं. ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत म्हणून तयार केल्या. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, बाळाचं वजन घ्यायच्या, श्वास मोजायच्या, घरीच गरम ठेवायला शिकवायच्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायच्या. पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका! १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. तेव्हा डॉक्टर लोकांनी केवढी ओरड केली होती, की इंजेक्शन बायांच्या हाती देता म्हणून.

आता आशाताई घरी जातात ते त्याच धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आजारी पडायची वाटच बघायची नाही, ठरलेल्या दिवशी जायचंच. नवजात बाळाला ही सोय आहे, मग ब्याऐंशी वर्षांच्या सासऱ्याला काहून नाही?

---

पाणकणीस

मोहफूल, हे मला लिहायला हवं होतं त्यापेक्षा चांगलं लिहिलंस. आमच्याकडचा सगळा ऊहापोह "दोन तासांचे दीड कसे करता येतील" यावर चालतो. गल्लीत आधीच कुणी असेल तर काय, हा प्रश्न फारसा येत नाही. आमच्याकडे व्हर्च्युअल वॉर्ड आहेत, म्हणजे पेशंट घरी, अंगावर यंत्रं आणि नर्स दिवसातून एकदा फोन किंवा फेरी. पण शेजारीण इंजेक्शन देईल अशी कल्पनाही इथे कुणी मांडणार नाही. विमा कंपनी आणि वकील आधी येतील.

---

बंड्या_कोथरूड

मोहफूल +१. पण नवजात बाळाचा प्रश्न आणि म्हाताऱ्यांचा एक नाही. बाळाला काय होऊ शकतं त्याची यादी लहान असते. ८२ वर्षांच्या माणसाला मधुमेह, बीपी, किडनी, प्रोस्टेट, रक्त पातळ करायची गोळी, सगळं एकदम. आशाताईवर आणखी किती लादायचं? त्यांना मोबदला किती मिळतो ते तुम्हीच सांगा.

---

मोहफूल

लादा असं म्हणत नाही. ह्या कामासाठी वेगळं, शिकवलेलं, पगारी माणूस गावात असावं म्हणते. मोबदल्याबद्दल तुमच्याशी सहमत. नवजात बाळाच्या त्या सगळ्या फेऱ्या मिळून अडीचशे रुपये धरले होते. ह्याच्यावर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

---

कोचीकर

केरळात राहतो म्हणून. इथे २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) धोरण केलं, देशात पहिलं. पंचायतीच्या पैशातून नर्स आणि गाडी, आणि ती खाटेला खिळलेल्या लोकांच्या घरी ठरलेल्या वारी जाते. फक्त कॅन्सर नाही; लकवा, म्हातारपण, सगळे. नळी बदलणं, जखम धुणं, बेडसोर. सोबत गावातले स्वयंसेवक. माझ्या घरमालकिणीच्या आईची नळी अशीच बदलली जाते. रात्री दीडला कुणी येत नाही, हे मात्र इथेही खरं. पण दर फेरीला बघितलं जात असल्यामुळे रात्री दीडची वेळ कमी येते.

---

खाजण

कोचीकर, बरोबर. कॅथेटर वेळच्या वेळी बदललं, पाणी पुरेसं प्यायलं आणि पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली ठेवली तर तुंबण्याचे निम्मे प्रकार टळतात. तातडी ही पुष्कळदा आधीच्या दुर्लक्षाची थकबाकी असते.

---

केंटवासी

पाणकणीसताई, व्यावहारिक प्रश्न. आई-बाबा दर उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात. आई पडली तर मी यूसीआरला बोलवू शकतो का? बिल येईल का?

---

पाणकणीस

केंटवासी, महत्त्वाचा प्रश्न, आणि बरेच जण इथे गोंधळतात.

बोलवायला कुणी अडवत नाही. तातडीची गरज असेल तर आधी उपचार, पैशाचं नंतर. पण फुकट काय आणि काय नाही ते वेगळं. जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) आणि ए-अँड-ई (कॅज्युअल्टी) मधले उपचार सगळ्यांना मोफत, व्हिजिटरलाही. वॉर्डात दाखल केलं की व्हिजिटरला बिल लागतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. आणि ऑक्टोबर २०१७ पासून हॉस्पिटलबाहेर, म्हणजे घरी दिल्या जाणाऱ्या कम्युनिटी सेवाही त्या बिलाच्या कक्षेत आल्या. तेव्हा "घरी आले म्हणजे फुकट" असं धरून चालू नका. तुम्ही स्वतः वर्क व्हिसावर हेल्थ सरचार्ज (एनएचएससाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) भरत असाल तर तो तुमच्यापुरता, आई-बाबांना लागू नाही.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, आणि घेताना आधीचे आजार खरे खरे लिहा. बीपी लपवलं आणि पडण्याचं कारण बीपीची गोळी निघालं की कंपनी हात वर करते.

फोन कुठे करायचा: बहुतेक भागांत १११. काही भागांत घरचे लोक थेट टीमला फोन करू शकतात. तुमच्या जीपीच्या रिसेप्शनवर आई-बाबा यायच्या आधीच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. १११ च्या प्रश्नोत्तरात "पडली, उठता येत नाही, एक तास झाला" हे पहिल्या वाक्यात सांगा. आपली माणसं "हॅलो, हाऊ आर यू, ॲक्चुअली माय मदर इज व्हिजिटिंग" इथून सुरू करतात आणि मुद्दा तिसऱ्या मिनिटाला येतो. जमिनीवर तासाभराहून जास्त गेला असेल तर ते ओरडून सांगण्यासारखं आहे: कातडीला जखमा होतात, अंग गार पडतं, स्नायू दबून त्यातला कचरा किडनीवर जातो. आणि आई मराठीतच बोलत असेल तर दुभाषी मागा, फोनवर मिळतो. भ्रम झालाय का हे तपासताना भाषा नीट कळली नाही की चुकीचे गुण पडतात. एका गुजराती आजींना "गोंधळलेल्या" लिहिलं होतं, त्या फक्त इंग्रजी येत नसल्याने गप्प होत्या.

---

केंटवासी

धन्यवाद. दुभाष्याचं कधी डोक्यात आलंच नसतं. वाचनखूण साठवली.

---

ठाकुर्लीचा काका

आमच्या सोसायटीत आम्ही केलेलं सांगतो, फार मोठं काही नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये एक व्हीलचेअर, आणि जिन्यावरून उतरवायला चार हँडलवाली कापडी खुर्ची. बिल्डिंगीत एक निवृत्त सिस्टर राहतात, त्यांना आम्ही दरमहा थोडे पैसे देतो (त्या नको म्हणत होत्या, आम्हीच जबरदस्तीने ठराव केला, म्हणजे हक्काने दार वाजवता येतं). एकट्या राहणाऱ्या अकरा घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आणि सेक्रेटरीकडे. किल्लीवरून जनरल बॉडीत जे महाभारत झालं ते विचारू नका. "चोरी झाली तर?" आणि "मेलो तर?" असे दोन पक्ष.

वेळ मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता वहीत लिहायला सांगतो: पडले किती वाजता, हाक किती वाजता, सिस्टर किती वाजता. पहिला रकाना पाणकणीसताईंमुळे.

---

लाल_दिवा

काका, त्या वहीत आणखी एक लिहून ठेवा: कोणाला उचलायचं नाही. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, तर खुबा मोडलाय असं धरा, हलवू नका, १०८. डोकं आपटलंय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर माणूस कितीही ठीक बोलत असला तरी हॉस्पिटल. सिस्टर आल्या म्हणून थांबायचं नाही.

---

सई_औंध

खाजण डॉक्टर, एक विचारू? घरी जादा नळी आणून ठेवावी का? म्हणजे पुढच्या वेळी कुणी ब्रदर मिळालाच तर सामानासाठी अडायला नको. आणि हे घरगुती उपचाराचं इन्शुरन्समध्ये मिळतं का?

---

खाजण

जरूर ठेवा. नळी, पिशवी, निर्जंतुक ग्लोव्ह्ज, जेली, १० एमएलच्या दोन सिरिंज, फुगवायला डिस्टिल्ड वॉटर. पण बदलायची शिकलेल्या माणसानेच. प्रोस्टेट असताना जोर लावला तर रक्त येतं आणि मग दहा मिनिटांचं काम दहा दिवसांचं होतं. साधी लॅटेक्सची लवकर बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त टिकते. तारीख तुमच्या युरॉलॉजिस्टने लिहून दिली असेल ती पाळा, तुंबायची वाट बघू नका.

इन्शुरन्स: पॉलिसीत 'डोमिसिलरी' म्हणजे घरी घेतलेल्या उपचारांचं कलम असतं, पण ते साधारण तीन दिवसांहून जास्त चाललेल्या उपचाराला, तेही पेशंट हलवण्याजोगा नसेल किंवा हॉस्पिटलात जागा नसेल तर. एका व्हिजिटसाठी ते उपयोगी नाही.

नळीचा नंबर डिस्चार्ज कार्डवर असतो. नसला तर फुगा भरायच्या तोंडाशी रंग बघा: हिरवा म्हणजे १४, नारिंगी १६, लाल १८.

---

सई_औंध

बघितला. नारिंगी. उद्या मेडिकलमधून दोन आणून ठेवते, आणि बदलायची तारीख कॅलेंडरवर मारली.